वाचनकट्टा, या वेळचं पुस्तक : 'रेझरब्लेड टिअर्स' – दोन बाप आणि एक फुटलेलं थडगं

पानगळ

ठरल्याप्रमाणे धागा उघडतेय. या वेळी एस. ए. कॉस्बी यांची 'रेझरब्लेड टिअर्स' (२०२१). काहींची अजून अर्ध्यावर आहे, त्यामुळे एकच विनंती: शेवटी कोण जगतं, कोण मरतं आणि खुनामागे कोण होतं, हे इथे फोडू नका. बाकी मनसोक्त भांडा.

ज्यांनी हातात घेतलेलीच नाही त्यांच्यासाठी. अमेरिकेतलं व्हर्जिनिया राज्य. आयझाया आणि डेरेक यांचं एकमेकांशी लग्न झालंय, त्यांना एक लहान मुलगी आहे. आयझाया काळा, डेरेक गोरा. रिचमंड शहरात दोघांना गोळ्या घालून मारतात. आयझायाचा बाप आइक रँडॉल्फ तुरुंगातून सुटून पंधरा वर्षं झालेला, लोकांच्या बागा आणि हिरवळी राखण्याचा धंदा कष्टाने उभा केलेला माणूस. डेरेकचा बाप बडी ली जेंकिन्स ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहतो, पितो, खोकतो, विनोद करतो. तोही आत जाऊन आलेला. मुलगा समलिंगी आहे हे दोघांनाही कधी पचलं नाही. लग्नाला दोघंही गेले नाहीत. पोलिसांचा तपास थंडावतो तेव्हा बडी ली आइकच्या दारात येतो, म्हणतो आपणच शोधू. आइक त्याला वाटेला लावतो. मग कुणीतरी मुलांच्या थडग्यावरचा दगड फोडतं, त्यावर घाण लिहितं. तिथून आइक उठतो.

मी पहिल्यांदा वाचली ती दोन रात्रींत, श्वास न घेता. दुसऱ्यांदा वाचताना मात्र चिडचिड झाली. पहिल्या वाचनात वाटलं होतं, दुःखाने पेटून हे दोघं सूड घ्यायला निघालेत. दुसऱ्या वाचनात वाटलं, दुःख करावं लागू नये म्हणून निघालेत. शोक करायचा तर आधी 'मी माझ्या पोराशी कसा वागलो' या प्रश्नासमोर बसावं लागेल. त्यापेक्षा गुंडांशी मारामारी सोपी. बाप मुलांचे खुनी शोधतात की स्वतःपासून पळतात? मला वाटतं लेखकाला हे पक्कं ठाऊक आहे, आणि तरी तो आपल्याला मारामारीची मजा घेऊ देतो. यावर बोला.

निशाचर

मी वाचली नाही, ऐकली. अ‍ॅडम लझार-व्हाइट यांचं वाचन आहे. बडी ली बोलायला लागला की मी गाडी बाजूला घेऊन हसलोय. आणि दोन मिनिटांत त्याच आवाजात तो मुलाबद्दल काहीतरी बोलतो आणि आपण तसेच बसून राहतो. कानांनी घेतलेलं पुस्तक वेगळं असतं, डोळ्यांसारखं पुढे पळता येत नाही. पानगळ, तू म्हणतेस ते 'पळणं' मला आइकमध्ये दिसलं, बडी लीमध्ये नाही. तो तर पहिल्यापासून कबूल करतोय की मी नालायक बाप होतो.

तिरकस

कबूल करणं हीसुद्धा पळण्याची एक वाट असते राव. 'मी नालायक' म्हटलं की पुढचा हिशोब कुणी मागत नाही.

माझं मत उलटं आहे, लोक चिडतील. पुस्तक बरं आहे, थोर नाही. एक तर उपमा. दर चार ओळींनी काहीतरी कशासारखं तरी असतंच. आकाश अमुकसारखं, शांतता तमुकसारखी, खोकला अजून कशासारखा. शंभर पानांनंतर मी मोजायला लागलो आणि मग कथेतून बाहेर पडलो. दुसरं, वय उतरलेले दोन बाप, एकाला धड श्वास घेता येत नाही, आणि हे 'रेअर ब्रीड' नावाच्या अख्ख्या मोटरसायकल टोळीला पुरून उरतात. इथे मी विश्वास टाकला तो केवळ आइकचं जुनं टोपणनाव 'रायट' (दंगल) आहे आणि त्या माणसाला दाबून ठेवलेली हिंसा आहे म्हणून.

पानगळ

उपमांबद्दल हात वर. पण त्यातल्या निम्म्या बडी लीच्या तोंडी शोभतात, तो बोलतोच तसा. निवेदकाच्या तोंडी तेच आलं की दाटी होते.

अण्णा_वाचतात

पानगळताई, आपण मांडलेला प्रश्न मला फार जुना वाटला. द्रोणपर्वात अभिमन्यू तेराव्या दिवशी पडतो. अर्जुन त्या वेळी तिथे नसतो, संशप्तकांशी लढायला दूर गेलेला असतो. परत आल्यावर छावणीत वाद्ये वाजत नाहीत, भाऊ नजर चुकवतात, आणि त्याला कळते. त्यानंतर तो काय करतो? उद्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी प्रतिज्ञा. जयद्रथाने अभिमन्यूला मारलेले नव्हते. त्याने इतर पांडवांची वाट अडवली होती. पण बापाला कोणीतरी एक नाव हवे असते, आणि मुदतही हवी असते. चौदावा दिवस संपूर्ण त्यात जातो. रडायला वेळच उरत नाही.

आणखी एक. अभिमन्यू स्वतः सांगतो की व्यूहात शिरायचे वडिलांनी शिकवले आहे, बाहेर पडायचे नाही. हे वाक्य मला आइकच्या संदर्भात सारखे आठवत होते. मुलाला टणक कर, कुणापुढे वाकू नको, रडू नको, एवढेच त्या बापाने शिकवले. त्याला स्वतःलाच बाहेर पडायची वाट ठाऊक नव्हती.

दोनओळी

अण्णा, __/\__
'नाव हवं आणि मुदत हवी'. हे लिहून ठेवलं.

तिरकस

अण्णा, जयद्रथाचा मुद्दा जबरदस्त. मुद्दा मान्य, तरी पुस्तकाला तीनच तारे.

मंदसप्तक

मी शोकग्रस्तांच्या समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे हे पुस्तक मी जरा वेगळ्या चष्म्यातून वाचलं. पानगळच्या 'दुःख टाळण्यासाठी सूड' या मांडणीशी मी पूर्ण सहमत नाही.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात शोकाच्या त्या पाच पायऱ्या बसल्यात: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, पण स्वतः मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. त्यामुळे 'आइक अजून रागाच्या पायरीवर अडकलाय' वगैरे म्हणण्यात फारसा अर्थ नाही. मला जास्त उपयोगी वाटतं ते केनेथ डोका आणि टेरी मार्टिन या शोकाच्या अभ्यासकांचं म्हणणं. काहींचा शोक भावनेतून वाहतो, काहींचा कामातून. दुसऱ्या प्रकारचा माणूस बोलत नाही, रडत नाही. तो कुंपण दुरुस्त करतो, कागदपत्रं लावतो, थडग्याची देखभाल करतो. बाहेरून वाटतं याला काही झालंच नाही. पण ते करणं हाच त्याचा शोक असतो. हे फक्त पुरुषांचंच असतं असं नाही, मात्र पुरुषांना तसंच वाढवलं जातं.

आता आइककडे बघा. हा माणूस आयुष्यभर जमीन सारखी करत आलाय. फुटलेला दगड बघून त्याला 'काम' सापडतं. ते काम भयंकर आहे हा भाग वेगळा. आणि पुढे त्याच्या धंद्याची अवजारंच हत्यारं होतात, ते मला नुसतं थरारासाठी आलंय असं वाटलं नाही.

अजून एक गोष्ट, जी कामात नेहमी डोक्यात असते. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास आला होता, मूल गमावलेल्या आईवडिलांच्या मृत्यूदराबद्दल. आयांमध्ये धोका वाढलेला दिसला आणि तो बराच काळ टिकला. वडिलांमध्ये वाढ दिसली ती सुरुवातीच्या काळात, आणि ती अपघात-आत्महत्येसारख्या अनैसर्गिक मृत्यूंची. म्हणजे बाप आजारी पडून झिजत नाहीत, ते पहिल्या काही वर्षांत कुठेतरी जाऊन आदळतात. कादंबरी वाचताना मला हे दोघं सूड घ्यायला निघालेत असं वाटलंच नाही. ते आदळायला निघालेत, वाटेत खुनी सापडले तर सापडले.

पानगळ

मंदसप्तक, तुझ्या शेवटच्या वाक्याने माझं दुसरं वाचन मोडीत काढलंस. विचार करते.

निशाचर

+१. बडी लीचा खोकला! तो डॉक्टरकडे जातच नाही. मला वाटत होतं हे फक्त पात्र रंगवायला आहे.

कलमकसाई

भावनांवर सगळे बोलताहेत, मी माझ्या धंद्यातलं बोलतो. ही गोष्ट व्हर्जिनियातच का, हे लक्षात घेतलं तर पुस्तक दुप्पट होतं.

एक काळा आणि एक गोरा, लग्न केलेले, व्हर्जिनियात. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांना १९५८ मध्ये याच राज्यात रात्री घरात घुसून अटक झाली होती. गुन्हा काय, तर तो गोरा, ती काळी, आणि दोघांनी लग्न केलं. एक वर्ष कैद, पण पंचवीस वर्षं राज्याबाहेर राहिलात तर ती स्थगित. सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी तो कायदा रद्द केला. मग २००६ मध्ये याच राज्यातल्या मतदारांनी 'लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री' हे राज्यघटनेत घातलं. समलिंगी जोडप्यांना तिथे लग्न करता यायला लागलं ऑक्टोबर २०१४ पासून, तेही न्यायालयामार्गे. आयझाया आणि डेरेक यांच्या लग्नात या दोन्ही लढाया एका टेबलाला बसल्यात. लेखकाने भाषण केलेलं नाही, फक्त जोडपं निवडलं आणि राज्य निवडलं.

आता आइकचं. एकदा गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली की व्हर्जिनियात मतदानाचा हक्क आपोआप परत येत नाही, गव्हर्नरने तो द्यावा लागतो. बंदूक बाळगणं गुन्हा. म्हणजे पंधरा वर्षं नाकासमोर चालूनही हा माणूस अर्धा नागरिकच आहे. पोलीस दारात आले की त्याच्या अंगावर काटा का येतो, हे त्याशिवाय कळत नाही. बडी लीसुद्धा शिक्षा भोगलेला, पण गोरा. दोघं एकाच गाडीत बसलेत आणि गाडी पोलिसांनी थांबवली तर दोघांचं भविष्य एकसारखं नाही. हे पुस्तकात त्यांच्या भांडणांमधून फार छान उलगडतं. बडी लीला ते कळायला वेळ लागतो, आणि ते अर्धवटच कळतं. हेच मला खरं वाटलं.

आणि रिचमंड. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात ही गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेची राजधानी होती. दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांचा भलामोठा पुतळा तिथे १८९० पासून उभा होता. पुस्तक आलं जुलै २०२१ मध्ये, पुतळा उतरवला सप्टेंबर २०२१ मध्ये. आता एका गोऱ्या दारुड्याचं नाव 'बडी ली' आहे, यात मी जास्त अर्थ काढत नाही, पण काढायची खाज होतेय.

तिरकस

काढू नकोस. दक्षिणेत प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या नावात ली असतो.

कलमकसाई

साक्षीदाराची उलटतपासणी संपली, मी बसतो. :)

अण्णा_वाचतात

कलमकसाई, उत्तम माहिती. एक शंका. सूड घेणारा बाप कायद्याच्या दृष्टीने केवळ खुनी. मग वाचक म्हणून आपण त्याच्या बाजूने का होतो?

कलमकसाई

अण्णा, कारण तपास थांबलेला आहे. अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत खुनाच्या साधारण निम्म्याच गुन्ह्यांचा छडा लागलेला आहे. जिथे सरकार शोधत नाही तिथे वाचक परवानगी देऊन टाकतो. ही या प्रकारच्या कादंबरीची जुनी सोय आहे. इथे लेखकाने त्यात एक काटा ठेवलाय: पोलिसांशी कुणी बोलत नाही, म्हणून तपास थांबलाय. मुलांच्या मित्रांचा पोलिसांवर विश्वास नाही. आणि मित्रांनी या दोन बापांशी तरी का बोलावं? ज्यांना जिवंत मुलाची गोष्ट ऐकायची नव्हती, ते आता मेलेल्या मुलाची गोष्ट विचारत दारोदार फिरताहेत.

दोनओळी

आईचं काय? आइकची बायको माया घर सांभाळते, नात सांभाळते, नवऱ्याला सांभाळते. बाप मात्र गाडी घेऊन निघाला.

पानगळ

दोनओळी, दोनच ओळींत बरोबर जागी मारलंस. मायाचा शोक आपल्याला दारातून दिसतो, आत कॅमेरा जात नाही. लेखकाने तिला चांगली वाक्यं दिलीत, जागा दिली नाही. तरी मला एक सांगावंसं वाटतं: नातीचं नाव अरियाना, ती या पुस्तकातली एकमेव माणूस आहे जिला सूड नको, फक्त कुणीतरी हवंय. आइक तिच्याजवळ जायला किती अवघडतो! गुंडाच्या अंगावर जाताना ज्याचा हात कचरत नाही, तो तीन वर्षांच्या पोरीला उचलताना कचरतो.

मंदसप्तक

आणि भाषाही नाही ना आपल्याकडे. नवरा गेला की विधवा, बायको गेली की विधुर, आईबाप गेले की पोरका. मूल गेलेल्या माणसाला शब्दच नाही.

अण्णा_वाचतात

मंदसप्तक, एक नम्र दुरुस्ती. शब्द आहे. 'मृतवत्सा'. जिची मुले जगत नाहीत ती. जुन्या वैद्यकग्रंथांत आणि कोशांत सापडतो. मात्र तो आईपुरता. त्याचे पुल्लिंगी रूप मी कुठे वापरलेले पाहिलेले नाही, व्याकरणाने ते सहज होत असूनही. वाटल्यास यावरून आपण आपले अनुमान काढावे. दशरथाने पुत्रशोकाने प्राण सोडला असे आपण म्हणतो. शोकाला शब्द दिला, बापाला नाही.

मंदसप्तक

हे माहीत नव्हतं. धन्यवाद, अण्णा. कामात वापरणार.

नवा_आयडी

मी इथे जुना सभासद आहे, वेगळ्या नावाने. हे लिहायला नवा आयडी काढला, कारण घरातलं एक माणूस हा कट्टा वाचतं.

मी या पुस्तकात बापांच्या बाजूचा वाचक नाही, मुलांच्या बाजूचा आहे. वडिलांना सात वर्षांपूर्वी सांगितलं. ओरडले नाहीत, मारलं नाही. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानंतर तो विषय आमच्याकडे निघालेला नाही. आम्ही बोलतो, गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दल बोलतो, बँकेबद्दल बोलतो. जोडीदाराचं नाव त्यांनी आजवर एकदाही घेतलेलं नाही, 'तुझा तो मित्र' म्हणतात.

त्यामुळे दोन बाप मुलांसाठी जीव द्यायला तयार झालेले वाचताना सगळे हळवे होताहेत तिथे मला राग आला. आयझाया आणि डेरेक या पुस्तकात फक्त आठवणींत आहेत. कधी भांडणात, कधी फोटोत. त्यांना एकही प्रकरण स्वतःचं नाही. बापांना माणूस करण्यासाठी त्यांना आधी मरावं लागलं. आमच्यासारख्यांना गोष्टींमध्ये मारून टाकायची ही पद्धत जुनी आहे, इंग्रजी वाचकांत तिच्यावर पुष्कळ टीका होते. जिवंत मुलगा कुणाचं मन बदलत नाही, मेलेला बदलतो, हे मला परत परत वाचायचं नाहीये.

आणि तरी एका रात्रीत संपवलं. कारण आइक मनातल्या मनात जी जुनी भांडणं परत परत चालवतो, 'तेव्हा हे म्हणालो नसतो तर', ती मी कधी बापाच्या बाजूने ऐकलेली नव्हती. मला वाटायचं टीव्हीचा आवाज वाढवल्यावर त्यांच्या डोक्यात काहीच चालू नसतं.

निशाचर

दादा, काही बोलत नाही. वाचलं.

तिरकस

मी वर तीन तारे म्हणालो होतो ते तांत्रिक होते. तुमचा प्रतिसाद वाचून मला वाटतं, माझी खरी तक्रार तुम्हीच मांडलीत, मला मांडता येत नव्हती. आयझाया पत्रकार आहे, टँजरिन नावाच्या मुलीच्या बातमीमागे होता, म्हणजे त्याच्याकडे स्वतःची गोष्ट होती, धाडस होतं. खरं तर खरा शोध त्याचा होता! बाप त्याच्या वहीच्या मागे मागे चाललेत. ती वही वाचायला मला आवडली असती.

पानगळ

नवा_आयडी, आधी आभार. तुमचा राग रास्त आहे. मी पुस्तकाच्या बाजूने एवढंच म्हणेन, की लेखक बापांना माफी देत नाही असं मला वाटलं. त्यांना ज्यांची माफी हवी ते दोघं जमिनीखाली आहेत, आणि पुस्तकात दुसरं कुणीही ती त्यांच्या वतीने देत नाही. बडी ली किती विनोद करो, ते रिकामं राहतं. कॉस्बी यांनी एके काळी अंत्यविधीच्या व्यवसायात मदतनीस म्हणून काम केलंय. मला हे नंतर कळलं आणि वाटलं, शवपेटीपाशी उशिरा पोचलेली बरीच माणसं त्यांनी पाहिली असणार. हा माझा अंदाज.

पण 'मुलांना प्रकरण नाही' याला माझ्याकडे उत्तर नाही. नाहीच आहे.

दोनओळी

बरं, यांचं आधीचं 'ब्लॅकटॉप वेस्टलँड' आधी वाचावं का?
गोष्ट जोडलेली आहे का?

निशाचर

जोडलेली नाही, वेगळी माणसं. तिथे बाप जिवंत आहे आणि मुलंही, आणि गाड्या भरपूर. मला ती जास्त आवडली. ही जास्त राहिली.

नवा_आयडी

एक विचारायचं होतं. पुस्तक वडिलांना द्यावं का? इंग्रजी रहस्यकथा वाचतात ते, मारामारी आवडते.

तिरकस

देऊ नका. 'हे वाच' म्हणून दिलेलं पुस्तक कुणी वाचत नाही, विशेषतः ज्याला आपण वाचावं अशी देणाऱ्याची फार इच्छा आहे.

मंदसप्तक

तिरकस पहिल्यांदाच बरोबर बोलताहेत. हातात देऊ नका. आणि ते तुमचं काम आहे असंही समजू नका. बापाला शिकवायची जबाबदारी मुलावर नसते.

अण्णा_वाचतात

माझा मुलगा परदेशी असतो. त्याने असे काही माझ्या हातात दिले असते तर मी रागावलो असतो. टेबलावर राहिले असते तर कदाचित चाळले असते. आम्हा लोकांना कोणी पाहत नसताना वाचायला आवडते.

नवा_आयडी

काल ठेवलं टेबलावर. काही बोललो नाही. आज सकाळी बघितलं तर तिथेच होतं, वर त्यांचा चष्मा ठेवलेला. वाचलं की नुसता चष्मा ठेवायला जागा मिळाली, काही कळत नाही.

निशाचर

चष्मा उघडा होता की मिटलेला?

नवा_आयडी

उघडा.

तिरकस

निशाचर, रहस्यकथा कमी वाचत जा.